दगडाचे बाळकडू : मायकेल अँजेलोचे चरित्र

इटली देशात फ्लॉरेन्स नगरापासून सुमारे तीन मैलांवर सेत्तिन्यानो नावाचे एक लहानसे खेडे टेकडीच्या उतारावर वसले आहे. त्याच्या आसपासच्या टेकड्यांत करड्या रंगाचा, बारीक कणांचा आणि हत्याराला सहज वश होणारा असा एक वालुकाश्म सापडतो. फ्लॉरेन्समधील कित्येक देवळांचे खांब, वाड्यांच्या चौकटी आणि जिन्यांच्या पायऱ्या या जातीच्या दगडाच्या आहेत; आणि तो घडविणाऱ्या पाथरवटांची कुळे पिढ्यानुपिढ्या या गावी नांदत आली. देसिदेरिओ आणि रोसेल्लिनो बंधू यांच्यासारखे नामांकित मूर्तिकारही याच गावाने फ्लॉरेन्सला दिले. अशा या गावी इ. स. १४७५ च्या सुमारास एका पाथरवटाच्या बायकोकडे एक तान्हे मूल दूध पाजण्यासाठी ठेवण्यात आले. ती बाई पाथरवटाची बायको तर होतीच, पण पाथरवटाची लेकही होती. मूल मात्र पाथरवटाचे नव्हते. ते एका सरकारी अंमलदाराचे होते. हेच मूल पुढे मायकेल अँजेलो या नावाने जगास ठाऊक झाले.

त्याचा जन्म ६ मार्च १४७५ रोजी काप्रेसे या डोंगरी गावी झाला. बाप लोदोविको बुओनार्रोती हा त्या वेळी तेथे फ्लॉरेन्सच्या राज्यातर्फे न्यायाधीश म्हणून थोड्या मुदतीसाठी नेमला गेला होता. मुदत संपताच कुटुंब फ्लॉरेन्सला परतले. सेत्तिन्यानोस त्यांची थोडी वडिलोपार्जित जमीन होती, आणि त्या काळच्या नागर कुटुंबांच्या चालीप्रमाणे मूल खेड्यातील दूधआईच्या हवाली केले गेले. मुलाची खरी आई फ्रान्चेस्का ही १४८१ साली वारली. तो तेव्हा अवघा सहा वर्षांचा होता. पाच भावांत तो दुसरा.

पुढे थोर झाल्यावर आपला मित्र व चरित्रकार व्हासारी याच्याशी बोलताना तो विनोदाने म्हणत असे की, ज्या छिन्नी-हातोडीने मी मूर्ती घडवितो ती मी दूधआईच्या दुधाबरोबरच प्यालो आहे. आपल्या मराठीत याला बाळकडू म्हणतात. हे बोलणे थट्टेचे खरे. पण ज्या गावी पहाटेपासून टाकीचा टणत्कार कानी पडतो, ज्या अंगणात कपच्यांचा खच पडलेला असतो आणि मुले दगडाच्या तुकड्यांशीच खेळतात, त्या गावाची ओळख ज्याला बोलता येण्यापूर्वीच झाली, त्याने असे म्हणावे यात नवल ते काय?

या मुलाला दोन घरे होती आणि त्या दोहोंचे संस्कार एकमेकांविरुद्ध होते, हे मात्र विसरता कामा नये. एक घर पाथरवटाचे, हाताने काम करणारांचे. दुसरे घर बुओनार्रोती घराण्याचे : पैशाने ओसरलेले, पण अभिमानाने भरलेले. आमच्या कुळात पूर्वी राज्यकारभारातील अधिकारी होऊन गेले, आम्ही हाताने पोट भरणारे लोक नव्हे, अशी या घराची समजूत होती. बापाने मुलास व्याकरण शिकण्यासाठी फ्रान्चेस्को दा उर्बिनो नामक पंतोजीकडे घातले. मुलाचे लक्ष मात्र चित्रे काढण्याकडे. बापाने व चुलत्यांनी त्याला दटावले, पुष्कळ वेळा मारही दिला. चित्रकार आणि पाथरवट यांत भेद काय तोही त्यांस नीट उमगत नव्हता. आपल्या घरात असला धंदा शिरणे हीच त्यांस नामुष्की वाटे. पालकांपैकी कोणी हा लेख वाचीत असल्यास त्यांनी या ठिकाणी क्षणभर थांबावे. लोदोविको हा दुष्ट मनुष्य नव्हता. मुलाचे बरे व्हावे असेच त्याला वाटत होते. पण बरे म्हणजे काय, हे त्याने आपल्या आजापणजांना विचारून ठरविले होते, मुलाकडे पाहून नव्हे.

शेवटी मुलाचा हट्ट जिंकला. १४८८ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, दोमेनिको गिर्लान्दायो या प्रख्यात चित्रकाराच्या कारखान्यात त्याला तीन वर्षांच्या कराराने उमेदवार म्हणून ठेवण्यात आले. तेथे तो रंग वाटण्यास, ओल्या गिलाव्यावर चित्र कसे काढावे हे पाहण्यास आणि लेखणीने बारीक आडव्या-उभ्या रेघांनी छाया दाखविण्यास शिकला. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण पुढे त्याच्या अर्धवट मूर्तींवर दंतुर छिन्नीच्या ज्या समांतर व एकमेकींस छेदणाऱ्या रेघा दिसतात, त्या कागदावरील या रेघांच्या सख्ख्या बहिणी वाटतात. एकाच हाताची ती सवय. कागद आणि दगड असा भेद त्या हाताने फारसा मानला नाही.

परंतु तीन वर्षे पुरी होण्यापूर्वीच त्याला आपली खरी जागा सापडली. फ्लॉरेन्सचा सर्वाधिकारी लोरेन्झो दे मेदिची याने सान मार्कोनजीकच्या आपल्या बागेत प्राचीन मूर्तींचा संग्रह केला होता आणि बेर्तोल्दो नावाच्या वृद्ध मूर्तिकारास त्यावर नेमून तरुणांस शिकण्याची सोय केली होती. तेथे जाताच या मुलाने संगमरवराचा एक तुकडा मागून घेतला आणि एका वृद्ध वनदेवाचे हसरे मुखवट्यासारखे तोंड घडविले. लोरेन्झोने ते पाहून सहज थट्टा केली की, म्हाताऱ्यांचे सगळे दात असे शाबूत नसतात. त्याची पाठ वळताच मुलाने वरचा एक दात पाडून टाकला, आणि हिरडीत त्याच्या मुळाची खाच दिसावी म्हणून गिरमिटाने ती जागाही पोखरली. लोरेन्झो खूष झाला. त्याने बापास बोलावून मुलास आपल्या वाड्यात ठेवून घेण्याची परवानगी मागितली, आणि बापाला जकातीच्या कचेरीत एक जागाही दिली. ज्या छिन्नीची लाज वाटत होती तिने घरात पहिली भाकरी आणली ती अशी.

१४९२ साली लोरेन्झो वारला आणि फ्लॉरेन्सचे दिवस पालटले. १४९४ च्या जानेवारीत नगरात मोठा हिमवर्षाव झाला, तेव्हा लोरेन्झोच्या मुलाने या तरुणाकडून वाड्याच्या चौकात बर्फाची मूर्ती करविली. ती अर्थातच वितळून गेली. याच सुमारास सान्तो स्पिरितो मठाच्या इस्पितळातील प्रेतांचे विच्छेदन करून त्याने स्नायू आणि हाडे यांची रचना अभ्यासिली, आणि मठाधिपतीस उतराई म्हणून लाकडात वधस्तंभावरील ख्रिस्ताची मूर्ती कोरून दिली. लाकूड, बर्फ, मेण, माती, सर्व काही त्याने हाताळले. जीव मात्र जडला तो संगमरवरावर.

१४९६ साली तो रोम येथे गेला. तेथे एका फ्रेंच कार्डिनलाने त्याच्याकडे मृत ख्रिस्ताला मांडीवर घेऊन बसलेल्या मरीयेची मूर्ती मागितली. २७ ऑगस्ट १४९८ रोजी करार झाला. मोल ठरले ४५० डुकॅट. दगड विकत घेण्याचे काम दुसरा कोणी मूर्तिकार असता तर त्याने व्यापाऱ्याकडे सोपविले असते. हा स्वतः घोड्यावर बसून काराराच्या डोंगरात गेला.

कारारा म्हणजे काय हे थोडे सांगितले पाहिजे. इटलीच्या पश्चिम किनाऱ्यालगत डोंगरांची एक उंच रांग आहे. समुद्रावरून पाहणारास तिची शिखरे उन्हाळ्यातही बर्फाच्छादित भासतात. जवळ जावे तो कळते की ते बर्फ नसून दगडाचा चुरा आहे. रोमन बादशहांच्या वेळेपासून येथून पांढरा संगमरवर निघत आला. त्या काळी सुरुंगाची दारू खाणीत वापरीत नसत. दगडातील नैसर्गिक भेग हेरावयाची, तिच्या रेषेत खाचा पाडावयाच्या, त्यांत पाचरी ठोकावयाच्या. आणि कधी कोरड्या लाकडाच्या पाचरी ठोकून त्यांवर पाणी ओतावयाचे, म्हणजे लाकूड फुगून शिळा आपोआप सुटते. मग ती ओंडक्यांच्या घसरगाडीवर चढवून, दोरांनी मागे ताणून धरीत, उतारावरून इंच इंच खाली आणावयाची. तेथून बैलगाडी, तेथून नाव. एक दोर तुटला की महिन्यांचे काम आणि माणसांचे प्राण एकदमच जातात.

येथे सेत्तिन्यानोचे संस्कार कामास आले. चांगली शिळा हातोडी मारली असता घंटेप्रमाणे नाद देते, आतून फुटलेली बोदा आवाज करते. पाथरवट आधी कानाने दगड पाहतो आणि मग डोळ्याने. शीर कोणीकडे वाहते, कोणत्या दिशेने टाकी घातली तर ढलपी स्वच्छ निघेल, कोठे घातली तर बोट तुटेल, ही विद्या पुस्तकात नसते. मायकेल अँजेलोने पुढे आपल्या शिळांसाठी एक खूणही ठरविली होती : एकमेकांत गुंतलेली तीन वर्तुळे. त्याच्या हातचे असे कागद आजही जपून ठेवलेले आहेत, ज्यांवर सुंदर चित्रे मुळीच नाहीत; आहेत फक्त खाणकऱ्यांसाठी काढलेल्या शिळांच्या आकृत्या आणि त्यांची मापे. मला तर हे कागद त्याच्या चित्रांइतकेच वाचनीय वाटतात.

कार्डिनलासाठी केलेली ती मूर्ती आज रोम येथील संत पेत्राच्या मंदिरात आहे. पुत्राचा निष्प्राण हात कसा लोंबतो, मरीयेच्या वस्त्राच्या चुण्या कशा खोल गेल्या आहेत आणि अंगावरची कांती कशी मेणासारखी चकाकते, हे पाहून हा दगड आहे यावर विश्वास बसत नाही. घडविणारा त्या वेळी पंचविशीच्या आतबाहेर होता. कोणी परगावचे लोक या मूर्तीचे श्रेय दुसऱ्याच मूर्तिकारास देत असता त्याच्या कानावर आले, आणि म्हणून त्याने मरीयेच्या छातीवरील पट्ट्यावर आपले नाव कोरले असे व्हासारी सांगतो. पुन्हा कोणत्याही मूर्तीवर त्याने आपले नाव घातले नाही.

फ्लॉरेन्सला परतल्यावर त्याच्यापुढे एक वेगळाच दगड आला. तेथील मुख्य देवळाच्या आवारात एक उंच, अरुंद शिळा कित्येक वर्षे ऊनपावसात पडून होती. १४६४ मध्ये आगोस्तिनो दी दुच्चो याने ती घडविण्यास घेतली व सोडली. पुढे १४७६ मध्ये आंतोनिओ रोसेल्लिनो या सेत्तिन्यानोकराकडे ती सोपविली गेली, तोही पुढे गेला नाही. पहिल्या माणसाच्या टाक्यांनी ती बिघडलेली. शिवाय जातीनेही ती उत्तम नव्हे. टाकून दिलेल्या दगडाची गोष्ट बायबलच्या वाचकांस नवी नाही. ऑगस्ट १५०१ मध्ये हे काम सव्वीस वर्षांच्या मायकेल अँजेलोस मिळाले. त्याने शिळेभोवती फळ्यांचे कुंपण घातले आणि आत काम आरंभिले. शिळा अरुंद, म्हणून मूर्तीला हातपाय पसरण्यास जागा नाही. पण या अडचणीतूनच आकार निघाला : गोफण खांद्यावर, एक पाय किंचित पुढे, मान वळलेली. दावीदाच्या पायाशी गल्याथाचे छिन्न मस्तक दाखविण्याची फ्लॉरेन्सच्या कारागिरांची जुनी रीत त्याने सोडून दिली. हा दावीद अजून धोंडा फेकलेलाच नाही, तो शत्रूकडे पाहत उभा आहे. सतरा फुटांच्या या मूर्तीच्या माथ्यावर मूळ शिळेचा खडबडीत अंश त्याने तसाच राहू दिला. इतक्या काटकसरीने त्या दगडाचा विनियोग झाला. १५०४ च्या मे महिन्यात ओंडक्यांवरून ढकलीत ती मूर्ती देवळापासून नगरसभेच्या वाड्यापर्यंत नेण्यास चार दिवस लागले. १८७३ पासून ती फ्लॉरेन्सच्या कलाशाळेच्या संग्रहालयात आहे.

आता त्याच्या आयुष्यातील दुःखाच्या भागाकडे वळू. १५०५ साली पोप दुसरा ज्यूलियस याने आपल्या थडग्याचे काम त्यास दिले. चाळीसांहून अधिक मूर्तींची योजना. पाच वर्षांत संपविण्याचा बेत. तो दोन नोकर व एक घोडा घेऊन काराराच्या डोंगरात गेला आणि आठ महिने तेथेच राहिला. एके दिवशी समुद्राकडे तोंड केलेला एक कडा पाहून, हा अख्खा डोंगरच कोरून खलाशांना दुरून दिसेल अशी प्रचंड मूर्ती करावी अशी त्याला इच्छा झाली. वेरूळच्या कैलासाचे आपण वारस. आपणांस हा विचार वेडेपणाचा वाटणार नाही. शिळा रोमला येऊन पडल्या, चौक भरून गेला. आणि पोपचे मन फिरले. पैसा मिळेना, भेट मिळेना. १५०६ च्या एप्रिलमध्ये तो संतापून रोम सोडून निघून गेला. पुढे पोपने त्याला समेट करावयास लावून बोलोन्या येथे आपला कांस्यपुतळा करविला. धातू ओतणे हा माझा धंदा नव्हे असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. पहिले ओतकाम कमरेपर्यंतच भरले. दुसऱ्या खेपेस साधलेला तो पुतळा जेमतेम चार वर्षे टिकला. १५११ साली लोकांनी तो पाडला आणि त्याच्या धातूची तोफ ओतली गेली.

मग सिस्तीन मंदिराचे छत. हे चित्रकाम त्याने १५०८ ते १५१२ या काळात केले, आणि त्याविषयी इतके लिहिले गेले आहे की येथे दोनच गोष्टी सांगतो. पहिली अशी की, मी चित्रकार नव्हे असे तो तक्रारीने म्हणत राहिला आणि त्या वर्षांतील पत्रांखाली मूर्तिकार अशीच सही करीत राहिला. दुसरी अशी की, चार वर्षे मान मागे टाकून उभ्याने काम केल्यामुळे पुढे कित्येक दिवस त्याला पत्र वाचावयाचे झाले तरी डोक्यावर धरून वाचावे लागे. छतावरील ते संदेष्टे रंगाचे असले तरी दगडातून उठविल्यासारखे भरीव दिसतात. हाताने आपली मातृभाषा सोडली नाही.

थडग्याचे काम मात्र संपता संपेना. ज्यूलियस १५१३ मध्ये वारला. नवे करार झाले, योजना आखडत गेली, आणि अखेर १५४५ साली, चाळीस वर्षांनी, एका लहान मंदिरात ते कसेबसे उभे राहिले. त्यातील मोशेची बसलेली मूर्ती तेवढी मूळच्या थोर कल्पनेची साक्ष देते. मोशेच्या डोक्यावर दोन शिंगे पाहून आमचे विद्यार्थी बुचकळ्यात पडतात. मूळ इब्री शब्दाचा अर्थ तेज फाकणे असा घ्यावयाचा, तो जुन्या लॅटिन भाषांतरात शिंगे असा झाला. मूर्तिकाराने आपल्या हातातील बायबलाप्रमाणे केले इतकेच.

पुढचा पोप दहावा लिओ हा लोरेन्झोचाच मुलगा. त्याने फ्लॉरेन्सच्या सान लोरेन्झो मंदिराचा दर्शनी भाग संगमरवरी करण्याचे काम त्यास दिले. परंतु दगड काराराचा न घेता फ्लॉरेन्सच्या हद्दीतील सेराव्हेझ्झाच्या डोंगरातून काढावा असा हुकूम केला. तेथे खाण नव्हती, खाणकरी नव्हते, रस्ताही नव्हता. मायकेल अँजेलोने दलदलीतून आणि कड्यावरून रस्ता करविला. माणसे आणली ती बहुतेक सेत्तिन्यानोची, ज्यांच्या बापांस तो लहानपणापासून ओळखत होता. १५१८ मध्ये एक खांब उतरविताना एक मजूर मान मोडून जागच्या जागी ठार झाला आणि तो स्वतः थोडक्यात वाचला. पुढील एप्रिलात दुसरा खांब खाली येत असता लोखंडी कडी तुटली आणि खांब नदीत पडून त्याचे शंभर तुकडे झाले. तुटलेली कडी त्याने पाहिली तेव्हा आत चांगले लोखंड सुरीच्या पाठीइतकेही जाड नव्हते. लोहाराने वरून चांगली दिसणारी वस्तू दिली होती. मार्च १५२० मध्ये पोपने तो सगळा करारच रद्द केला. त्या मंदिराची दर्शनी भिंत आजही उघडीबोडकीच आहे.

ही तीन-चार वर्षे फुकट गेली असे पुष्कळ चरित्रकार म्हणतात. त्याने स्वतःही पत्रांतून तसेच रडगाणे गायिले आहे. माझे मत असे की ती गेली हे खरे, पण ती केवळ पोपने घेतली नाहीत. कारभारी नेमून त्याला फ्लॉरेन्समध्ये छिन्नी चालविता आली असती. त्याच्याने ते होईना. दगडाच्या बाबतीत दुसऱ्याच्या डोळ्यावर विसंबणे त्याला जमतच नव्हते. त्याची मूर्ती खाणीतच सुरू होत असे. आणि ज्या प्रेमाने त्याला थोर केले त्याच प्रेमाने त्याची वर्षे खाल्ली.

या खाणीच्या दिवसांशी निगडित एक हसण्याजोगी गोष्ट व्हासारीने लिहून ठेवली आहे. सेत्तिन्यानोचा तोपोलिनो नावाचा एक पाथरवट त्याच्यातर्फे काराराला दगड काढीत असे. त्याला मूर्तिकार होण्याची भारी हौस. शिळांची नाव धाडताना तो तीनचार बाहुल्याही घडवून पाठवी, आणि त्या पाहून मायकेल अँजेलोची हसता हसता पुरेवाट होई. शेवटी तोपोलिनोने एक देवाची मूर्ती पुरी करून त्याचे मत विचारले. गुडघ्याखाली पाय फारच आखूड झाले आहेत, हा बुटका दिसतो, असे उत्तर मिळाले. तोपोलिनो मुळीच खचला नाही. त्याने मूर्तीचे पाय गुडघ्याखाली कापले, मध्ये दगडाचे तुकडे बसविले, आणि सांधा दिसू नये म्हणून मूर्तीला उंच बूट चढविले! मायकेल अँजेलो पुन्हा पोट धरून हसला. पण अडलेल्या कारागिराला जी युक्ती सुचते ती पंडितांना सुचत नाही, याचे त्याने मनापासून कौतुक केले. राजेरजवाड्यांशी तिरसटपणे वागणारा हा मनुष्य पाथरवटांच्या संगतीत असा खुलत असे.

त्याची काम करण्याची रीत पाहावयाची तर फ्लॉरेन्समधील त्याच्या अर्धवट राहिलेल्या मूर्ती पाहाव्या. ज्यूलियसच्या थडग्यासाठी घेतलेले चार बंदिवान तेथे आहेत. इतर मूर्तिकार शिळेच्या चारी बाजूंनी घडवीत आत येत. हा शिळेच्या एका तोंडावर आकृती रेखून समोरून आत शिरत असे. पाण्याने भरलेल्या पात्रात मेणाची मूर्ती निजवावी आणि हळूहळू वर उचलावी, म्हणजे आधी गुडघा, मग छाती, मग तोंड पाण्याबाहेर येते, तशी त्याची मूर्ती दगडातून बाहेर येई, असे व्हासारीने ही रीत समजावताना सांगितले आहे. ते बंदिवान अजून अर्धे पाण्यात आहेत. हत्यारांच्या बाबतीतही तो पाथरवटाचाच चेला : कानशी, गिरमिटे, छिन्न्या तो स्वतःच्या हाताने बनवी. साठी केव्हाच उलटून गेल्यावरही, तीन तरुण पाथरवटांना तीनचार तासांत जितक्या कपच्या उडविता येणार नाहीत तितक्या तो पाव तासात उडवीत असलेला एका फ्रेंच प्रवाशाने पाहिला होता.

आणि तरीही दुसऱ्या घराचा संस्कार गेला नव्हता. १५४८ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्याने रोमहून आपल्या पुतण्यास लिहिले की, अमक्या पाद्र्याला सांग, माझ्या पत्रावर मूर्तिकार असे लिहू नको. मला येथे बुओनार्रोती या नावानेच ओळखतात, आणि दुकान मांडून बसणारा चित्रकार वा मूर्तिकार मी कधीच नव्हतो. चाळीस वर्षांपूर्वी अभिमानाने मूर्तिकार म्हणून सही करणारा तो हाच! जन्मभर अंगावर जाडेभरडे घालून, भाकरतुकडा खाऊन त्याने जो पैसा साठविला तो बाप व भाऊ यांच्यासाठी जमिनी घेण्यात खर्च केला. सेत्तिन्यानोचे शेतही वाढविले. कुळाचे नाव वर यावे ही लोदोविकोची इच्छा त्याने छिन्नीने पुरी केली, आणि मग त्या छिन्नीचा उल्लेख नको म्हणाला. मनुष्यस्वभाव असा गुंतागुंतीचा आहे. थोर पुरुषांचा तर अधिकच.

१५३४ साली तो फ्लॉरेन्स सोडून रोमला गेला तो पुन्हा परतला नाही. तेथे शेवटच्या न्यायाचे भव्य भित्तिचित्र १५४१ मध्ये पुरे झाले. आणि १५४७ पासून संत पेत्राच्या मंदिराचा मुख्य शिल्पी म्हणून त्याने मरेपर्यंत विनावेतन, केवळ देवाची सेवा म्हणून, काम केले. पण दिवसाचे हे थोर काम संपले की रात्री घरी तो आपल्या दगडाकडे वळे. जाड कागदाची टोपी करून तिच्यावर तो मेणबत्ती बसवी, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहून नेमका हव्या त्या जागी उजेड पडे. अशा उजेडात त्याने वधस्तंभावरून उतरविलेल्या ख्रिस्ताचा चार मूर्तींचा एक समूह आरंभिला. तो आपल्याच थडग्यावर ठेवावयाचा त्याचा मानस होता. त्यात मागे उभ्या असलेल्या वृद्ध निकदेमाला त्याने आपला चेहरा दिला आहे. १५५५ च्या सुमारास एके दिवशी त्याने हातोडी घेऊन स्वतःच हा समूह फोडला. व्हासारी म्हणतो की दगड सदोष व फार कठीण होता, छिन्नीखाली ठिणग्या उडत. फ्लॉरेन्स येथे २०१९ ते २०२१ या काळात या मूर्तींची सफाई व तपासणी झाली, तेव्हा व्हासारीचे म्हणणे खरे ठरले : दगडात बारीक भेगा आहेत आणि ठिणग्या उडविणारे खनिजाचे कणही आहेत. शिवाय असे आढळले की तो दगड काराराचा नसून सेराव्हेझ्झाचा आहे. ज्या डोंगरासाठी त्याने आपल्या भर उमेदीची वर्षे घातली, त्याच डोंगराच्या दगडाने म्हातारपणी त्याला दगा दिला.

तरी हात थांबला नाही. त्याने दुसरी एक शिळा घेतली. तीही नवी नव्हे, पूर्वी काही घडविलेली. विषय तोच : मरीया आणि तिचा मृत पुत्र. पंचविशीत केलेल्या मूर्तीत आई बसली आहे आणि पुत्र तिच्या मांडीवर आहे; येथे दोघेही उभी आहेत, इतकी एकमेकांस चिकटलेली की कोण कोणाला सावरीत आहे ते कळत नाही. जुना आकार मोडून त्याने ख्रिस्ताचे नवे शरीर आईच्या अंगातूनच कोरून काढण्यास आरंभ केला. झिलई नाही, कांती नाही. सर्वत्र टाकीच्या खुणा. वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, मरणाच्या सहा दिवस आधीपर्यंत, तो या दगडावर उभ्याने काम करीत होता.

१८ फेब्रुवारी १५६४ रोजी रोममध्ये त्याचा अंत झाला. पुतण्याने त्याचे प्रेत व्यापारी मालाच्या गठ्ठ्याप्रमाणे बांधून गुपचूप फ्लॉरेन्सला नेले आणि तेथे सान्ता क्रोचे मंदिरात त्याला मूठमाती मिळाली. ती शेवटची मूर्ती आता मिलान शहरी आहे. तिच्या बाजूला, पूर्वीच्या आकारातला ख्रिस्ताचा एक हात सुटा राहिला आहे : पुरा घडविलेला, गुळगुळीत केलेला, खांद्यापासून तुटलेला, पण दगडाच्या एका अरुंद पट्टीने अजून शिळेला जोडलेला. तो काढून टाकण्यास त्याला वेळ मिळाला नाही.